साठीनंतरचा कलाविद्यार्थी : उमेद टिकवावी कशी?

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द आजही तुमच्या स्मरणात असतील. पुढे नोकरी, शेती, संसार, मुलांची शिक्षणे यांत तो रंगांचा डबा माळ्यावर गेला आणि तेथेच राहिला. आता निवृत्तीनंतर, नातवंडांच्या निमित्ताने म्हणा किंवा रिकाम्या दुपारींच्या निमित्ताने म्हणा, तो पुन्हा खाली येतो. कोणी जवळच्या वर्गाला जाऊ लागते, कोणी मोबाईलवर पाहून जलरंग शिकते, कोणी नातीच्या शेजारी बसून तिच्याच वहीत रेघा ओढते.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींत असे विद्यार्थी दरवर्षी वाढताना दिसतात, आणि मला त्याचा आनंद वाटतो. मात्र त्याच मंडळींकडून काही महिन्यांनी एक वाक्यही ऐकू येते : ‘डॉक्टर, आता पूर्वीसारखे सुचत नाही. वही उघडावीशीच वाटत नाही.’ घरचे म्हणतात, नव्याची नवलाई संपली. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा आटलेल्या उमेदीमागे शरीराचे किंवा मनाचे एखादे कारण दडलेले असते आणि ते शोधून काढता येते. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात मांडावासा वाटला.

एकाच मातीतले तीन कलाविद्यार्थी

प्रथम आपल्याच परिसरातील तीन माणसांची ओळख करून घेऊ. तिघांचीही नावे तुम्हांला परिचित आहेत, पण त्यांना एकत्र आणि चित्रकलेच्या अंगाने आपण क्वचितच पाहतो.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७चा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा १८६८चा. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा १८६९चा. लागोपाठच्या तीन वर्षांत जन्मलेल्या या तिघांनाही तरुणपणी चित्रकलेची ओढ होती आणि पुढे तिघांचेही कार्य औंध संस्थानच्या भूमीशी जोडले गेले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात.

लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षांनी लक्षात आले, की त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही. त्यांना अंशतः रंगांधत्व होते. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का तो कोणता? परंतु त्यांची रेघ शाबूत होती. रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, त्या विषयाचे अध्यापन करू लागले आणि त्यातूनच यंत्रांच्या जगात शिरले. १९१० मध्ये बाळासाहेबांनी देऊ केलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. ते सत्याऐंशी वर्षे जगले.

बाळासाहेब स्वतः चित्रे काढत. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. औंधच्या डोंगरावरील श्रीभवानी चित्रसंग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, उभे केले. त्याच वर्षी सूर्यनमस्कारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रकाशित झाले. राज्यकारभार, व्यायामाचा प्रसार, कीर्तन आणि चित्रे हे सारे त्यांनी उतारवयापर्यंत एकाच दिनक्रमात बसवले होते.

सातवळेकर जे. जे. कलाशाळेत शिकले. हैदराबाद आणि लाहोर येथे त्यांनी चित्रकार म्हणून नाव मिळवले. पन्नाशीच्या सुमारास ते औंधला आले आणि स्वाध्याय मंडळाच्या द्वारे वेदाभ्यासात गढून गेले. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, १९४८ साली, त्यांनी गुजरातेतील पारडी येथे पुन्हा नव्याने बस्तान बसवले. १९६८ मध्ये, शंभरी पूर्ण करून, ते निवर्तले.

हे तिघे थोर होते, आपण सामान्य आहोत, असे म्हणून ही उदाहरणे बाजूला ठेवू नका. आपल्या कामाचे एक साधे सूत्र त्यांत आहे. एकाच्या डोळ्यांनी साथ दिली नाही तेव्हा त्याने माध्यम बदलले. दुसऱ्याने चित्रांना दिनक्रमात जागा दिली. तिसऱ्याने विषय बदलला, पण अभ्यास सोडला नाही. उमेद टिकवण्याचे हे तीनही मार्ग साठीनंतर आपल्यालाही मोकळे आहेत.

डोळ्यांनी दगा दिला तर

आता वैद्यकीय बाजू पाहू. चित्र काढावेसे न वाटण्याची जी कारणे मला ज्येष्ठांत दिसतात, त्यांत डोळ्यांचा क्रमांक पहिला आहे.

वय वाढते तसे डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते. मोतीबिंदूत ते अधिक गढूळ, कधी तपकिरी होते. निळा आणि जांभळा हे रंग प्रथम फिके पडतात. पांढऱ्यावर पिवळी झाक येते. हा बदल इतका सावकाश होतो, की माणसाला आपली दृष्टी बदलली आहे हे जाणवतच नाही. त्याला वाटते, रंगच हलक्या प्रतीचे मिळू लागले.

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिका कास पठारावरची फुले रंगवत असत. ‘हल्ली दुकानदार जुना माल देतो, निळा मेलेला असतो,’ अशी त्यांची तक्रार होती. पुढे पुढे चित्र मनासारखे उतरेना म्हणून त्यांनी रंगकामच थांबवले. त्या माझ्याकडे रक्तदाबासाठी येत. मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली. पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, तो निळ्याविषयीच होता : आता सगळेच जरा जास्त निळे दिसते, हे बरोबर आहे का? मी म्हटले, अगदी बरोबर आहे. शस्त्रक्रियेनंतर काही काळ असे वाटते, मग मेंदू हळूहळू जुळवून घेतो. मग त्यांनी आपली मागील दोन वर्षांची चित्रे काढून पाहिली. सगळी फुले प्रमाणाबाहेर गडद रंगवलेली होती. दोष दुकानदाराचाही नव्हता आणि त्यांच्या हाताचाही नव्हता.

फ्रान्सचे थोर चित्रकार क्लोद मोने यांच्या बाबतीत असेच घडले. त्यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले. शस्त्रक्रियेच्या भीतीने त्यांनी ती लांबवली. या काळातील त्यांची काही चित्रे तांबूस-पिवळ्या रंगात बुडालेली दिसतात. अखेर १९२३ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते पुन्हा कामाला लागले. आज ही शस्त्रक्रिया त्या काळापेक्षा कितीतरी सोपी आणि सुरक्षित झाली आहे. तेव्हा निव्वळ भीतीपोटी ती लांबवू नका.

डोळ्यांसाठी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साठीनंतर दृष्टिपटलापर्यंत तरुणपणापेक्षा बराच कमी प्रकाश पोहोचतो, म्हणून चित्राला भरपूर उजेड हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या बाजूने उजेड येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. उत्तरेकडील खिडकीचा उजेड दिवसभर पुष्कळसा एकसारखा राहतो. चित्रकार त्याला पसंती देतात ते याचसाठी. रंगांच्या नळ्यांवर किंवा बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहून ठेवावीत. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी चुकवू नये. सरळ रेघा वाकड्या किंवा तुटक दिसू लागल्या, तर तो चष्म्याचा दोष समजून बसू नये. नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

हात सांगतो ते ऐका

दुसरे कारण हाताचे. सांधे आखडले, बोटे सुजली, की पेन्सिल धरणे हीच शिक्षा होते आणि माणूस न कळत वही टाळू लागतो. यावर घरगुती उपाय आहे. पेन्सिलीभोवती किंवा ब्रशभोवती जाड कापडाची पट्टी अगर फोमची नळी गुंडाळून ती जाड करावी. जाड वस्तू धरायला बोटे कमी आवळावी लागतात. वीस मिनिटे काम झाले की हात मोकळे करावेत. सकाळी उठल्यावर सांधे ताठ असतात, अशांनी चित्रासाठी दुपारची वेळ धरावी. फ्रेंच चित्रकार रन्वार यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती; हाताला पट्ट्या बांधून आणि ब्रश हातात ठेववून घेऊन ते १९१९ साली मृत्यू येईपर्यंत रंगवत राहिले. तेव्हा आजच्यासारखी औषधेही नव्हती.

कंपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हात थरथरणे म्हणजे कंपवातच, असे नाही. काहींचा हात काम करताना, कप उचलताना किंवा रेघ ओढताना थरथरतो. हा कंप बहुधा निराळा असतो आणि कित्येकदा घराण्यात चालत आलेला असतो. पार्किन्सनच्या आजारातील कंप प्रायः हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना दिसतो. थायरॉइडचा आजार, दम्याची काही औषधे आणि चहाचा अतिरेक यांनीही हात थरथरू शकतो. तुम्हांला ठाऊक नसेल, पण कंपाचा प्रकार ओळखण्यासाठी आम्ही डॉक्टर रुग्णाला कागदावर गोलगोल चक्री काढायला सांगतो, आणि स्मृतीची चाचणी घेताना घड्याळाचे चित्र काढून त्यात काटे दाखवायला सांगतो. रेघ हे आमचे जुने आणि बिनखर्चाचे निदानसाधन आहे.

याचे एक उदाहरण सांगतो. कृष्णाकाठच्या एका गावातील निवृत्त ग्रामसेवक रोज संध्याकाळी घाटाचे एक रेखाटन करत असत. दोन वर्षांनी त्यांनी ते हळूहळू सोडून दिले. मुलगा म्हणाला, बाबांना कंटाळा आला. त्यांच्या सूनबाईंना मात्र हे पटले नाही. वडिलांसारख्या सासऱ्यांच्या सगळ्या वह्या पिशवीत घालून त्या माझ्याकडे घेऊन आल्या. सुदैवाने प्रत्येक चित्राखाली तारीख होती. पहिल्या वहीत घाटाच्या पायऱ्या पानभर पसरल्या होत्या. शेवटच्या वहीत तोच घाट पानाच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढा उरला होता, आणि खालची सहीदेखील मुंगीएवढी झाली होती. अक्षर आणि रेखाटन असे आक्रसत जाणे हे पार्किन्सनच्या आजाराचे एक ओळखीचे लक्षण आहे. तपासताना उजव्या मनगटात ताठरपणा आढळला. चालताना तो हात झुलत नव्हता. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले, निदान पक्के झाले आणि औषध सुरू झाले. आजार मुळातून गेला नाही. तो जातही नाही. पण काही महिन्यांनी घाटाच्या पायऱ्या पुन्हा अर्ध्या पानावर आल्या. त्यांना कंटाळा आलेला नव्हता. हात ऐकत नव्हता आणि ते सांगायला शब्द सापडत नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे : प्रत्येक चित्राखाली तारीख घाला आणि वह्या जपून ठेवा. त्या तुमच्या कलेचा जितका पुरावा आहेत, तितकाच तुमच्या प्रकृतीचाही आहेत.

मन खचले असेल तर

तिसरे कारण मनाचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील कितीतरी घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. भांडीकुंडी पुन्हा आणता आली. पण एका सत्तरीच्या बाईंच्या चाळीस वर्षांच्या रांगोळीच्या वह्या, ठिपक्यांचे हिशेब आणि वेलबुट्टीचे नमुने त्या पाण्यात लगदा होऊन गेले. घर धुऊन झाले, भिंती वाळल्या, तरी त्यांनी दारात रांगोळी काढली नाही. भूक मंदावली होती, पहाटे तीनला जाग येत होती, देवदर्शनालाही जावेसे वाटत नव्हते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी झालो असे विचार येत असतील, तर त्याला आळस म्हणू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ज्येष्ठांमध्ये रक्त कमी होणे, थायरॉइड मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असाच निरुत्साह येतो. साध्या रक्ततपासणीत ते समजते. झोपेच्या गोळ्यांनी आणि इतर काही औषधांनीही दिवसभर मरगळ येते. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जगणे नको असे कोणी बोलून दाखवले, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवशी त्यांना एकटे ठेवू नका आणि वैद्यकीय मदत घ्या.

त्या बाईंना औषधाची गरज होती, ते दिले. त्याबरोबर त्यांच्या जावेने एक गोष्ट केली. ‘मला तुमची ती एकवीस ठिपक्यांची आठवत नाही, तेवढी दाखवा,’ असे म्हणून ती कोरी वही घेऊन शेजारी बसू लागली. वह्या वाहून गेल्या होत्या, पण नमुने हातात शिल्लक होते. एक एक करून ते पुन्हा कागदावर आले. औषध कोणते आणि जाऊ कोणती, यांतील कशाचा गुण किती, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही लागले, एवढे खरे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांविषयीच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे, आजारात सोबत करणे आणि वार्धक्य सुसह्य करणे यांत कलांचा उपयोग होतो, असा त्याचा रोख आहे. पण कला ही उपचारांच्या जोडीला असावी; ती गोळीच्या जागी नसावी, हेही तितकेच महत्त्वाचे.

स्फूर्तीची वाट पाहू नये

शरीराची कारणे पाहून झाली आणि सारे ठीक निघाले, तर मग खरोखरच नवलाई संपली असे समजावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कलामहाविद्यालयातील विशीच्या मुलांनाही ती अडचण येते. माझ्या परिचयातील कलाशिक्षक यावर एकच गोष्ट सांगतात, आणि ती मला वैद्यकीय दृष्ट्याही पटते : सुचेल तेव्हा बसू असे म्हणू नये, बसल्यावर सुचते.

म्हणून वेळ ठरवा. चहानंतरची वीस मिनिटे पुरेत. रोजच्या गोळीच्या वेळेला वही जोडून दिली तर विसरही पडत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांबाबत जो नित्यनेमाचा आग्रह धरला, तोच येथे लागू आहे. (सूर्यनमस्कार मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावेत.)

विषय एकच धरा आणि तो अनेकदा काढा. मिरजेत जन्मलेले आबालाल रहिमान जे. जे. कलाशाळेत शिकले, पण आयुष्य त्यांनी कोल्हापुरात घालवले, आणि कोटितीर्थ, रंकाळा हा परिसर ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तुमच्या अंगणातील तुळस सोमवारी आणि गुरुवारी सारखी नसते. सांगलीकरांना आयर्विन पूल आहे, गणपतीचे मंदिर आहे. मिरजेत भोपळ्यातून सतार घडवणारे कारागीर आहेत. सातारकरांना अजिंक्यतारा आणि माहुलीचा संगम आहे. वाईकरांना कृष्णेचे घाट आहेत. बाहेर पडणे शक्य नसेल, तर खिडकीतून दिसणारे झाड, स्वतःचा डावा हात, औषधांची डबी हे विषय आहेतच.

माध्यम बदलून पाहा. आंरी मातीस यांच्यावर १९४१ साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर उभे राहून रंगवणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे रचली. नजर अधू झाली तर माती आहे, कंप असेल तर कापूस आणि बोटांनी रंगवणे आहे, बसवत नसेल तर कागदाचे तुकडे चिकटवणे आहे. रवींद्रनाथ ठाकुर चित्रकलेकडे गंभीरपणे वळले ते साठीनंतर. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसमध्ये भरले. तेव्हा ‘या वयात काय नवीन शिकायचे’ हा प्रश्न मागे ठेवा.

आणि महिन्यातून एकदा दुसऱ्यांची चित्रे पाहा. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्मा आहेत, महादेव धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर यांचे ‘माता व मूल’ हे शिल्पही आहे. साताऱ्याहून किंवा सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येते. जाण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ विचारून घ्या, पाण्याची बाटली आणि दुपारच्या गोळ्या बरोबर ठेवा, आणि सगळे पाहण्याच्या मागे लागू नका. तीन चित्रांपुढे बसून पाहिले तरी पुरे.

घरच्यांसाठी चार शब्द

मुलांनो, सुनांनो, जावयांनो, ज्येष्ठांच्या चित्राकडे पाहून ‘हे काय काढलंय?’ असे विचारू नका. ‘यातले आधी काय काढले?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस परीक्षेला बसतो, दुसऱ्याने गप्पांना. ‘अरे वा, छान’ हेही रोज रोज ऐकून खोटे वाटू लागते. त्यापेक्षा वही समोर ठेवून शेजारी दहा मिनिटे बसा.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी चित्र पूर्ण होणे हा हेतू ठेवूच नका. एका वेळी दोनच रंग द्या. ठळक कडा असलेला कागद द्या. आकाश हिरवे झाले तर हिरवे राहू द्या. एखाद्या दिवशी ती व्यक्ती कागद फाडेल. तो दिवस सोडून द्या. चित्राने स्मृती परत येते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मात्र तेवढा वेळ अस्वस्थता कमी होते, हे कित्येक घरांतून मी ऐकतो.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, त्या टेबलावर एक कागद तुमच्यासाठीही ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्याची उमेद सर्वांत आधी आटते आणि तिची चौकशी सर्वांत शेवटी होते. रात्रंदिवस एकट्या व्यक्तीवर भार टाकू नका. आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्या कोणी सांभाळावी. त्या दुपारी चित्र काढायचे की नुसते झोपायचे, हे तिचे तिने ठरवावे.

काही दक्षता

आरंभाला पाण्यात विरघळणारे रंग घ्यावेत. तैलरंगाबरोबर येणारे टर्पेंटाइन बंद खोलीत वापरू नये. दमा असणाऱ्यांनी ते टाळावेच. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची शाळेतली सवय सोडावी. रंगाचे पाणी आणि पिण्याचे पाणी एकसारख्या पेल्यांत ठेवू नये. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा हट्ट नको. पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची आणि कोपराच्या उंचीचे टेबल असावे. बराच वेळ बसून उठताना चक्कर येऊ शकते. आधी पाय हलवावेत, मग आधार धरून उठावे. मधुमेहींनी चित्रात गुंगून जेवणाची वेळ चुकवू नये. पाणी सांडले तर लगेच पुसावे. घसरून खुब्याचे हाड मोडणे हे या वयात फार महागात पडते.

पुढील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना अवश्य दाखवा : रेखाटन किंवा सही लहान होत जाणे, रंग ओळखण्यात नव्याने गोंधळ होणे, ओळखीच्या वस्तूचे चित्र अचानक न जमणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन न लागणे. हातातून पेन्सिल एकाएकी गळून पडली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. पक्षाघातात प्रत्येक मिनिटाला मोल असते.

लक्ष्मणरावांना रंग सोडावे लागले, पण रेघ त्यांनी सोडली नाही. आपल्यातून काय गेले याची यादी वयाबरोबर लांबतच जाते. काय उरले हे पाहण्यासाठी कोरा कागद लागतो. आज संध्याकाळी तो घ्या, समोर दिसेल ती एखादी वस्तू काढा, आणि खाली तारीख घालायला विसरू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा फाइलबरोबर ती वहीही घेऊन या.